ईलीची रंगीत तालीम

सुहासिनीबाईंनी सूर्यकांत रेडीज यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भर रस्त्यात उभे राहून घड्याळ बघत होते.

दोन हजार सोळाचा ऑक्टोबर. कॅनडात, टोरांटोजवळच्या व्हिटबीत झाडं लाल-पिवळी झाली होती आणि सकाळी हात खिशातच ठेवावेसे वाटत होते. बाई आपल्या नातीला, साक्षीला, शाळेत सोडायला निघाल्या होत्या. शाळेजवळच्या चौकात नारिंगी जाकीट घातलेले एक साठी उलटलेले गृहस्थ हातातली लाल पाटी उंच धरून उभे होते. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबलेल्या, मुलं रस्ता ओलांडताहेत आणि गृहस्थांची नजर मुलांवरून मनगटावर, मनगटावरून मुलांवर. शेवटचं मूल पलीकडे पोचलं तशी त्यांनी पाटी खाली घेतली, फुटपाथवर आले, आतल्या खिशातून छोटी वही काढली, काहीतरी लिहिलं आणि वही परत आत ठेवली.

बाईंनी सांगलीत चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला होता. वहीत खरोखर लिहिणारा कोण आणि लिहिल्यासारखं करणारा कोण, हे त्यांना वर्गाच्या दारातून कळत असे. हा माणूस खरोखर लिहीत होता.

"मफलर नीट गुंडाळ की गं," त्या साक्षीला म्हणाल्या.

"आय्‌म नॉट कोल्ड, आजी," साक्षी म्हणाली.

गृहस्थ वळले. "सांगलीकडच्या का, बाई?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"‘गुंडाळ की गं’ म्हणालात. आमच्या चिपळूणच्या आगारात सांगलीची गाडी मुक्कामाला यायची. तिचा ड्रायव्हर अगदी असाच बोलायचा."

अशी ओळख झाली. रेडीज एसटीत वाहतूक नियंत्रक होते, वेळापत्रकं बसवण्यात सारी नोकरी गेली. मुलगा पुष्कर टोरांटोत सॉफ्टवेअरमध्ये. त्याने आईवडिलांना बोलावून घेतलं. घरी बसून काय करायचं म्हणून रेडीज क्रॉसिंग गार्ड झाले. सकाळी सव्वा तास, दुपारी एक तास.

"आणि वहीत काय लिहिता?" बाईंनी विचारलंच.

"मुलांना रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो ते. बावीस सेकंद. चाकांचं दप्तर असलं की सव्वीस. बर्फ पडला की पस्तीसपर्यंत जातं."

"कुणी मागितलंय का हे?"

"छे. कोण मागणार? पण माहीत असलेलं बरं."

त्या दिवशी घरी आल्यावर बाईंनी सुनेला, शुभदाला, हे सांगितलं. शुभदा हसली. "रेडीजकाका? आई, आख्खं मराठी मंडळ त्यांना ओळखतं. आम्ही क्यूबेकला गेलो तेव्हा प्लॅन त्यांनीच करून दिला होता. कुठल्या पेट्रोल पंपावर वॉशरूम स्वच्छ आहे इथपर्यंत."

"ते स्वतः जाऊन आले असतील."

"हॅट. ते नायगरासुद्धा गेलेले नाहीत."

हे ऐकल्यावर बाईंना गप्प बसवेना. दोन तासांवरचा धबधबा न पाहिलेला माणूस दुसऱ्यांना क्यूबेक कसं दाखवतो?

उत्तर त्यांना लायब्ररीत मिळालं. सकाळची पाळी संपली की रेडीज गावाच्या मध्यावरच्या लायब्ररीत जात आणि दुपारच्या पाळीपर्यंत खिडकीजवळच्या टेबलाशी बसत. खुर्चीखाली लाल पाटी, खुर्चीच्या पाठीला जाकीट आणि समोर चार कागद चिकटवून केलेला एक मोठा तक्ता. बाई परीक्षेत पर्यवेक्षक फिरतात तशा मागून आल्या आणि खांद्यावरून वाचू लागल्या.

वर लिहिलं होतं, ‘ईली — तीन दिवस’. खाली उभे रकाने: वेळ, ठिकाण, पाहणे, करणे, राखीव. बाजूला हाताने काढलेला नकाशा. स्टेशन, नदी, चढाचा रस्ता, चर्च.

"हे कुठं आलं?"

"इंग्लंडात, पूर्वेला." रेडीज दचकले नाहीत. खांद्यावरून वाचणाऱ्या माणसांची त्यांना आगारापासून सवय होती. "वस्ती वीस हजार. आमच्या चिपळूणच्या निम्मीसुद्धा नाही. पण शहर म्हणवून घेतं. का, तर तिथं कथीड्रल आहे. सगळा सपाट पाणथळ मुलूख, त्यात हे एवढं मोठं चर्च. लांबून जहाज उभं असल्यासारखं दिसतं म्हणे."

आणि मग ते बोलतच राहिले. चर्चच्या मधोमध आठ कोनांचा लाकडी मनोरा आहे, त्यावर चढायला एकशे सत्तर पायऱ्या. वर रंगवलेले देवदूत आहेत आणि ते दारासारखे उघडतात, तिथून खाली डोकावता येतं. ज्याने राजाचं डोकं उडवलं त्या क्रॉमवेलचं घर तिथं आहे. गुरुवारी बाजार भरतो. चार-पाच कोसांवर दलदलीत जुनी पवनचक्की आहे. आणि गावाचं नावच म्हणे वाम माशावरून पडलंय.

"वाम? आपली वाम?"

"त्यांची. पण वाम ती वामच. जयंती म्हणते, तिथं कालवण कसं करतात ते बघायचं."

"तुम्ही कधी गेला होतात?"

"मी? नाही हो बाई. जायचंय. आमची अक्षता तिथं असते." अक्षता म्हणजे त्यांची मुलगी. इथंच कॅनडात सस्काटूनला मातीचा अभ्यास केला आणि आता केंब्रिजला त्या दलदलीच्या मातीवर संशोधन करते, राहायला ईलीला. "दोन वर्षं झाली, बोलावतेय."

"मग कधी निघणार?"

"वेळापत्रक पुरं झालं की," रेडीज म्हणाले आणि रबराने ‘क्रॉमवेल — ४० मिनिटं’ खोडून त्यांनी ‘४५’ केलं.

*

पुढच्या महिन्यात बाई त्यांच्या घरी गेल्या. पुष्करच्या घराचा बेसमेंट. दोन उंच खिडक्या, शिवणाचं मशीन, भिंतीवर ईलीच्या कथीड्रलचं कॅलेंडर. त्यावरचं वर्ष दोन हजार पंधरा होतं.

जयंतीबाई बारीक चणीच्या, बोलायला खडखडीत. चिपळूणला त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. "या बाई. बसा. आमच्याकडं इंग्लंड रोज जेवायला असतं, आज तुम्ही आलात ते बरं झालं."

"अगं, चहा तरी—"

"ठेवलाय. चार मिनिटं लागतात, लिहून घ्या."

रेडीज हसले. बाईंच्या लक्षात आलं की हे टोमणे रोजचे आहेत आणि ते दोघांनाही आवडतात.

जयंतीबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू होता. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, मधुमेह किंवा गुडघे सांगावेत तसं. थेंब घालायचे, सहा महिन्यांनी तपासून घ्यायचं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची. "म्हणून तर," रेडीज म्हणाले, "एकही दिवस वाया जाता कामा नये. हिनं जे पाहायचं ते नीट पाहिलं पाहिजे. तिथं जाऊन चर्च बंद, बस नाही, पाऊस, असं होऊन चालायचं नाही."

बाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं, मग तक्त्याकडे पाहिलं. दोन्ही जागच्या जागी होते.

रेडीज वेळापत्रक नुसतं कागदावर करत नव्हते, हे बाईंना मे महिन्यात कळलं. एसटीत नवा मार्ग सुरू करायचा तर आधी चाचणी फेरी काढायची पद्धत. जीप घेऊन जायचं, प्रत्येक थांब्यावर घड्याळ बघायचं, घाटात किती, फाट्यावर किती. तीच पद्धत त्यांनी ईलीला लावली. ईली तर समुद्रापलीकडे. म्हणून चाचणी व्हिटबीत.

टोरांटोला जाणाऱ्या गो ट्रेनचं स्टेशन म्हणजे ईलीचं स्टेशन. तिथून ब्रॉक स्ट्रीटने उत्तरेला चढ चढत यायचं. ईलीलाही स्टेशनपासून कथीड्रलपर्यंत चढच आहे. एका लाल विटांच्या चर्चला त्यांनी कथीड्रल ठरवलं होतं. ते चर्च तेवढ्या अंतरावर नव्हतं म्हणून मध्ये एका गल्लीतून दोनदा फिरून यावं लागे. सरोवराकाठी होड्या लागतात ती जागा म्हणजे नदी. मनोऱ्याच्या पायऱ्यांना लायब्ररीचा जिना. तो एकोणीस पायऱ्यांचा, नऊ वेळा चढायचा.

"एकशे एकाहत्तर होतात," बाई म्हणाल्या.

"एक जास्त. राखीव."

शनिवारी सकाळी ही फेरी निघे. पुढे रेडीज हातात वही घेऊन, मागे जयंतीबाई पाण्याची बाटली घेऊन. मिलिंद, बाईंचा मुलगा, एकदा गाडीतून जाताना थांबला. "काका, लिफ्ट देऊ?"

"नको रे. आम्ही आत्ता ईलीत आहोत."

मिलिंदने घरी येऊन विचारलं, "आई, रेडीजकाका ठीक आहेत ना?"

"अगदी ठीक. तुम्ही ऑफिसात सगळं आधी टेस्ट करता ना? तसंच."

तो उन्हाळाही गेला. जुलै-ऑगस्टात शाळेला सुट्टी, म्हणजे रेडीजना जायला मोकळीक. पण जूनमध्ये त्यांना कळलं की पवनचक्कीकडे रविवारी बस जात नाही. त्यामुळे तिसरा दिवस पहिला करावा लागला, पहिला दुसरा, आणि गुरुवारचा बाजार हातातून निसटला. सगळं नव्याने बसवायला ऑक्टोबर उजाडला. कॅनडाचे दोन निळे पासपोर्ट कपाटात होते, एकही शिक्का नसलेले.

मग मार्चमध्ये अक्षताचा फोन आला. तिचं काम सप्टेंबरात संपत होतं, पुढची नोकरी स्कॉटलंडला. ईलीतली खोली ती सोडणार होती.

"म्हणजे हा जुलै, नाहीतर नाहीच," जयंतीबाई बाईंना म्हणाल्या. "तिचं घर, तिचं गाव. मला ते बघायचंय. रिकामं गाव बघून काय करू?"

"सूर्यकांतराव काय म्हणतात?"

"म्हणतात, घाईत केलेलं वेळापत्रक अपघात घडवतं."

*

एप्रिलमधल्या एका शनिवारी बाई स्वतः फेरीला गेल्या. बर्फ वितळून फुटपाथ मोकळे झाले होते. स्टेशनपासून निघाले. रेडीज पुढे, दोघी मागे. बाईंना सवय होती ती मुलांकडे बघण्याची, रस्त्याकडे नाही. चढ अर्धा झाला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की जयंतीबाई डावीकडची गोष्ट बघताना डोळे नाही, आख्खी मान वळवतात. लायब्ररीच्या जिन्यावर त्या वर चढताना ठीक होत्या. उतरताना प्रत्येक पायरीवर पाय आधी घासून बघत होत्या. पाचव्या खेपेला त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला आणि शेवटपर्यंत काढला नाही.

सरोवराकाठी रेडीज धक्क्याचं अंतर पावलांनी मोजायला गेले. दोघी बाकावर बसल्या.

"डावा डोळा किती गेलाय?" बाईंनी विचारलं.

जयंतीबाईंनी पाण्याकडेच बघत उत्तर दिलं. "तुम्ही मास्तरीणच. बराच. बाजूचं सगळं गेलंय. उजव्याचंही कडेकडेनं जातंय. समोरचं दिसतं. समोरचं स्वच्छ दिसतं हो."

"तपासणीत कळलं नाही?"

"ती तपासणी!" जयंतीबाई हसल्या, पण आवाज खाली आला. "एका पेटीत तोंड घालून बसवतात. कुठंतरी ठिपका चमकतो, चमकला की बटण दाबायचं. मला दिसतच नव्हते ठिपके. मग मी काय केलं, मशीनच्या टाक्यांसारखं एका लयीत दाबत राहिले. टक, टक, टक. ठिपके बरेच असतात, काहींना तरी लागेलच की."

"कॉपी केलीत!"

"केली. तपासणारी मुलगी म्हणाली, हे बरोबर येत नाहीये, पुन्हा यावं लागेल. मी ह्यांना सांगितलं, पुढची तारीख सहा महिन्यांनी."

"अहो, पण का? नुकसान कुणाचं?"

"तुम्ही ह्यांना ओळखता ना, बाई? कळलं तर सगळं खोडतील. मनोरा रद्द, पवनचक्की रद्द, जिथं पायरी ते रद्द. पुन्हा पहिल्यापासून बसवतील. तीन वर्षं झालीत. आणखी तीन माझ्याकडं नाहीत. कसंबसं हेच घेऊन निघू दे. तिथं गेल्यावर मी भिंतीला धरून चालेन. तुम्ही सांगू नका."

लांबून रेडीज येत होते, ओठ हलवत, पावलं मोजत. बाईंनी नुसती मान डोलवली.

पंधरा दिवस बाईंना चैन पडलं नाही. न सांगावं तर हा माणूस राखीव मिनिटं वाढवत बसणार आणि जुलै जाणार. सांगावं तर सगळं खोडणार आणि जुलै जाणारच. शिवाय तपासणी चुकीची, म्हणजे थेंबही चुकीचे असतील, हा वेगळा घोर. वर्गात कॉपी करणारी मुलगी सापडली की बाई कधी बोर्डावर तिचं नाव लिहीत नसत. तिलाच उत्तर नीट सोडवायला बसवत.

त्या जयंतीबाईंकडे गेल्या. "मी सांगणार नाही. पण त्यांना कळू दे. त्यांच्याच पद्धतीनं."

"आणि खोडलं तर?"

"तर मी आहे की भांडायला."

जयंतीबाईंनी बराच वेळ सुईत दोरा ओवण्यात घालवला. दोरा ओवला गेला. समोरचं त्यांना खरंच स्वच्छ दिसत होतं. "बरं," त्या म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी स्टेशनवर बाईंनी पिशवीतून ग्रोसरीच्या जाहिरातींच्या कागदाच्या दोन अरुंद नळ्या काढल्या, एका जुन्या चष्म्याला चिकटपट्टीने बसवलेल्या. "सूर्यकांतराव, चाचणी फेरीत तुम्ही प्रवासी म्हणून बसायचात का कधी?"

"बसायचो की. मागच्या बाकड्यावर. सगळ्यात जास्त धक्के तिथं लागतात."

"मग हा घाला. आज तुम्ही प्रवासी. पुढं जयंतीबाई."

"हे काय नाटक?"

"काचबिंदूत अगदी असंच दिसतं असं नाही. पण साधारण अंदाज येतो. घाला, घाला. मुलांना मी यापेक्षा चमत्कारिक प्रयोग करायला लावलेत."

रेडीजनी तो चष्मा घातला. गंमत म्हणून घातला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रस्ता त्यांना पाठच होता. शंभर पावलं ते ऐटीत चालले. मग डावीकडून एक सायकल घंटी वाजवत गेली आणि ते जागच्या जागी थिजले. पुढे फुटपाथवरच्या बाकावर गुडघा आपटला. तो बाक त्यांच्या नकाशात होता, ‘विश्रांती — ३ मिनिटं’ असा. चौकात आल्यावर दिवा हिरवा झाला तरी ते निघेनात. मान इकडे वळवत, तिकडे वळवत राहिले. तीन वर्षं दुसऱ्यांना रस्ता ओलांडून देणारा माणूस. जयंतीबाईंनी त्यांचा दंड धरला. "चला. उजवीकडं कुणी नाही, डावीकडं गाडी थांबलीये. चला आता."

पलीकडे गेल्यावर त्यांनी चष्मा काढला. बायकोकडे पाहिलं.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं."

"आणि रिपोर्ट?"

"कॉपी केली."

रेडीज एका दुकानाच्या पायरीवर बसले. घड्याळ बघायचं त्यांना सुचलं नाही, हे बाईंनी पाहिलं.

तीन दिवस चौकात वही दिसली नाही. मुलं पलीकडे जात, रेडीज पाटी खाली घेत, बाजूला येऊन उभे राहत. बाई "नमस्कार" म्हणत, ते "नमस्कार" म्हणत, एवढंच. लायब्ररीतलं टेबल रिकामं. बाईंना वाटलं, आपण उगाच पडलो यात. भांडायला जावं तर समोरचा माणूस भांडत नव्हता.

चौथ्या दिवशी साक्षी आत गेल्यावर त्यांनीच हाक मारली. "बाई, एक सांगू? आमच्याकडं नवा मार्ग सुरू व्हायचा ना, तेव्हा पहिली गाडी कधीच वेळेवर धावली नाही. कधीच. एवढी चाचणी करून. कुठं बैल आडवे, कुठं फुलांचे हार, कुठं नारळ. तरी आम्ही ती सोडायचोच. वेळापत्रक मागाहून दुरुस्त व्हायचं."

"मग?"

"मग काय. पुष्करला सांगितलंय, तिकिटं काढ म्हणून. सात जुलै."

"आणि तक्ता?"

"आहे. पण ‘पाहणे’च्या रकान्यात रोज एकच गोष्ट ठेवलीये. बाकी सगळं राखीव." त्यांनी पाटी दुसऱ्या हातात घेतली. "आणि ती ठिपक्यांची तपासणी पुन्हा आहे. तुम्ही जाल हिच्याबरोबर? मला पाहून ही पुन्हा हुशारी दाखवेल."

बाई गेल्या. दाराशी खुर्ची टाकून बसल्या, परीक्षेत पर्यवेक्षक बसतात तशा. जयंतीबाईंनी या वेळी दिसलेल्याच ठिपक्यांना बटण दाबलं. दोन टकटकींमधली ती शांतता बाईंना बाहेरूनही ऐकवेना. रिपोर्ट वाईटच आला. थेंब बदलले, वाढवले. डॉक्टरांनी जुलैचं ऐकून सांगितलं, अवश्य जा.

*

ऑगस्टात दोघं परतले तेव्हा जयंतीबाईंनी बाईंना जेवायला बोलावलं आणि पानावरच सगळं सांगायला घेतलं.

"पहिली गाडीच चुकली. लंडनचीच. पाऊण तास उशीर. मी ह्यांच्याकडं बघितलं, आता काय होतंय. तर म्हणाले, नारळ फुटला."

रेडीज खाली बघून वरण वाढून घेत होते.

"अक्षता स्टेशनवर होती. तिची खोली बघितली. एवढीशी. खिडकीतून ते चर्च दिसतं. मी तिला म्हटलं, रोज दिसतं तर फोनवर सांगितलं नाहीस कधी? म्हणते, आई, बाबांनी मलाच सांगितलं त्याच्याबद्दल, मी काय सांगणार?"

"आणि वाम?"

"मिळाली. धुरावलेली, गारढोण, वर लिंबाची फोड. कालवण कुणाला माहीतच नाही. मी हॉटेलातल्या मुलीला सांगत होते, कोकम घाल, तर अक्षता मला ओढायला लागली."

"मनोरा?"

"ऐका तर. दारातून आत गेलो, दारावरच्या दगडी मनोऱ्याच्या खाली. तो लाकडी नव्हे, हा वेगळा. ह्यांची नजर वर. माझी कुठली जाते वर? माझी खाली. तर खाली फरशीत काळ्या-पांढऱ्या दगडांची वाट केलेली. वळत वळत मधोमध जाणारी. चक्रव्यूहासारखी, पण आत शिरायला एकच वाट आणि फाटा कुठंच नाही. तिथं एक म्हातारी स्वयंसेविका होती. ती म्हणाली, ही वाट सरळ केली तर या मनोऱ्याच्या उंचीएवढी भरते."

"तक्त्यात होतं ते?" बाईंनी रेडीजना विचारलं.

"होतं." ते ओशाळले. "‘जमिनीवरची नक्षी — दोन मिनिटं’."

"मी चालले ती," जयंतीबाई म्हणाल्या. "पूर्ण. मला काय लागतं? समोरचं पाऊल दिसलं की झालं. हे मागनं आले. दोनदा चुकले, शेजारच्या पट्टीवर गेले. घड्याळ बघत होते ना. मी म्हटलं, मागं या, पुन्हा पहिल्यापासून. अक्षता हसून हसून खाली बसली."

"किती वेळ लागला?"

"माहीत नाही," रेडीज म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून बाईंनी पहिल्यांदाच ऐकले.

दुसऱ्या दिवशी लाकडी मनोरा. जयंतीबाईंनी पायऱ्या बघितल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, तुम्ही जा, वरून काय दिसतं ते मला सांगा. ते जाईनात. तेव्हा म्हणाल्या, लायब्ररीत एवढे जिने मला चढायला लावलेत ते फुकट घालवू नका. ते गेले. त्या अक्षताबरोबर खाली, मधोमध, खुर्चीवर बसल्या. वर देवदूताचं एक दार उघडलं.

"मला काही दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "खूप उंच आहे ते. अक्षता म्हणाली, आई, बाबा हात हलवतायत. मग मीही हलवला."

"मला दिसलं," रेडीज म्हणाले. "निळं पातळ होतं हिचं. हात हलवत होती, पण जरा भलत्याच देवदूताकडं."

तिघंही हसले. मग रेडीजनी खाली येऊन काय काय सांगितलं ते जयंतीबाईंनी बाईंना सांगितलं. छप्पर, शेतं, काळी माती, लांबवर जाणारी रेल्वे. जणू त्याच चढून गेल्या होत्या.

पवनचक्की राहिली. क्रॉमवेलचं घर बाहेरूनच पाहिलं. गुरुवारचा बाजार मिळाला, तो मात्र दोनदा.

त्याला आता वर्ष झालं. अक्षता स्कॉटलंडला गेली. जयंतीबाईंचा डावा डोळा जवळजवळ गेलाय, उजवा थेंबांवर टिकून आहे. साध्या शिवणीचे ब्लाउज त्या अजून शिवतात. बेसमेंटच्या भिंतीवर दोन हजार पंधराचंच कॅलेंडर आहे. सूर्यकांत रेडीज सकाळी पावणेआठपासून नऊपर्यंत आणि दुपारी तीनपासून चारपर्यंत त्याच चौकात असतात. दुपारच्या पाळीला जयंतीबाई त्यांच्याबरोबर येतात आणि घडीची खुर्ची टाकून फुटपाथवर बसतात.